कोच लई कडक आहे म्हणून पोरीचं कॉलेज बदलावं का? (कबड्डी, सांगली)

मिरजेचा_बाबा
नमस्कार मंडळी. पोरगी सांगलीत बीए दुसऱ्या वर्षाला आहे, कबड्डी खेळते, बचावात डावा कोपरा सांभाळते. आधीचे सर शांत होते, चुकलं तरी जवळ बोलावून सांगायचे, ते गेले आणि नवीन सर आले, पहाटे साडेपाचला ग्राउंडवर, एकीला उशीर झाला की सगळ्या टीमला फेऱ्या. खेळ सुधारलाय हे मला दिसतंय, आधी रेडर, म्हणजे चढाई करणारी, आत आली की लगेच पायावर झेप घ्यायची, आता थांबते, तिची पाठ वळायची वाट बघते आणि मगच घोटा धरते. पण घरी आली की बोलत नाही, नीट जेवत नाही. परवा म्हणाली पप्पा मला कराडच्या कॉलेजात घाला, तिथल्या मॅडम चांगल्या आहेत. तिची आई म्हणते थोडं सोसायला पाहिजे. काय करावं?

जुना_रेडर_तासगाव
दादा, आमचे सर पण असेच. बोनसचा जादा गुण घेताना मागचा पाय जमिनीवर राहिला की असे ओरडायचे की रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. पण ओरडणं पायावर असायचं, आईबापावर, घरच्या परिस्थितीवर कधी गेले नाहीत, आणि माझा गुडघा सुजला तेव्हा फायनल असून त्यांनीच मला बाहेर बसवलं. दुखापत झाल्यावर सर काय करतात ते पोरीला विचारा, त्यावरनं माणूस कळतो.

हूप्स_विश्रामबाग
मी अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल रोज बघतो, तिथं हा वाद जुना आहे. इंडियाना विद्यापीठाचे कोच बॉब नाइट, १९७६ ला एकही मॅच न हरता चॅम्पियन, १९८५ ला चालू मॅचमध्ये कोर्टवर खुर्ची फेकली, पुढं प्रॅक्टिसमध्ये खेळाडूच्या गळ्याला हात घातल्याचा व्हिडिओ बाहेर आला आणि २००० साली विद्यापीठानं काढलंच. दुसरीकडं यूसीएलए विद्यापीठाचे कोच जॉन वुडन, आवाज न चढवता १२ वर्षांत १० टायटल. सीझनच्या सुरुवातीला पोरांना मोजे कसे घालायचे ते शिकवायचे, पायाला फोड येऊ नयेत म्हणून. पण ते ढिले होते असं नाही हां, केस कापल्याशिवाय प्रॅक्टिस नाही म्हणून बिल वॉल्टनसारख्या स्टारला पण परत पाठवलं होतं.
ट्रान्सफरचं म्हणाल तर तिथं आधी कॉलेज बदललं की बास्केटबॉलवाल्याला सहसा वर्षभर बाहेर बसावं लागायचं. २०१८ ला ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, आली, २०२१ ला एकदा न बसता बदलायची मुभा मिळाली आणि २०२४ पासून अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा. त्यामुळं नुसत्या धाकावर टीम टिकत नाही. अर्थात आता तिथं पैसा पण आलाय, सगळेच काही कोचमुळं जात नाहीत.

इस्लामपूरची_कॅप्टन
काका, मी मुलीच्या बाजूनं बोलते. आमचे सर मनानं चांगले होते पण पाळीच्या दिवसांत पोट दुखतंय हे त्यांना सांगायची कुणाची हिंमत नव्हती, दांडी मारली तर शिक्षा, मग पोरी गोळ्या खाऊन पळायच्या. शेवटी मी आणि जिमखान्यातल्या एक मॅडम जाऊन बोललो तेव्हा ते बदललं, बाकी कडकपणा तसाच राहिला आणि त्याचा आम्हाला त्रासही नव्हता. ती जेवत नाही हे मात्र हलक्यात घेऊ नका, वजनावरनं काही बोललं जातंय का बघा, आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. आधी काकूंनी एकटीनं बोलावं, बापाला पोरी सगळं सांगत नाहीत.

पीटी_सर_सातारा
कागदाचं सांगतो. कराडचं कॉलेज शिवाजी विद्यापीठाचंच असेल तर टीसी, नो ड्यूज, आणि तिथं तिच्या विषयाला जागा आहे का एवढंच. पण साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात गेली तर विद्यापीठच बदललं, मायग्रेशन सर्टिफिकेट आलं. वर्षाच्या मधे हलली तर यंदा खेळता येईल का हे टीसी काढायच्या आधी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात विचारा, टीसी निघाल्यावर विचारून काय उपयोग नाही. मिरजेहून कराड म्हणजे हॉस्टेल आलं, तो खर्च धरा. आणि "मॅडम चांगल्या" हे मॅचमध्ये बघून ठरवू नका. लोकांसमोर सगळेच बरे वागतात. टीम हरल्यावर दुसऱ्या दिवशीची प्रॅक्टिस जाऊन बघा.

मिरजेचा_बाबा
सगळ्यांचे आभार. काल आई बोलली तिच्याशी. ओरडण्याचं, फेऱ्यांचं तिला काही नाही, उलट म्हणाली सरांनी पकड शिकवली. पण झोनल स्पर्धेत हरल्यावर सगळ्या पोरींसमोर "हिच्या अंगामुळं हरलो" म्हणाले, तेव्हापासून तिनं रात्रीची भाकरी सोडलीय. सोमवारी आम्ही दोघं सरांना भेटतोय, सोबत जिमखान्यातल्या एका मॅडमना पण घेतोय. सरांनी ऐकलं तर हे वर्ष इथंच, नाहीतर जूनला कराड. रक्त तपासायला आज सकाळीच दिलंय.