मदत हवी आहे: तालमीतले पैलवान आणि जिजित्सूवाले यांच्या दोस्तीतल्या लढती लावायच्या आहेत, नियम काय ठेवू?

मंडळी, जरा लांबण लागेल, पण आधी काय झालं ते सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

मी कोल्हापूर जिल्ह्यातला. शाळेत असताना पाच वर्षं गावच्या तालमीत होतो. पैलवान वगैरे कुणी झालो नाही. जत्रेत आधी रेवड्यांवरच्या, मग नारळावरच्या कुस्त्या केल्या, संपलं. पुढे नोकरी, पुणे, सुटलेलं पोट. तीन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एकाच्या नादानं ब्राझिलियन जिजित्सूच्या क्लासला जायला लागलो. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: ठोसे-लाथा नाहीत, बहुतेक खेळ जमिनीवर चालतो. सांधा अडकवून पिळायचा नाहीतर गळा आवळायचा, आणि समोरच्यानं थाप मारली की त्या क्षणी सोडायचं. थाप म्हणजे "हरलो, सोड".

दिवाळीत क्लासमधले दोघं माझ्याबरोबर गावी आले. तालीम बघायची होती त्यांना. संध्याकाळची मेहनत चालू होती, हौद्यातली माती नुकतीच उकरलेली, ताक-हळद-तेलाचा तो ओळखीचा वास. वस्तादांनी विचारलं, "पावणं खेळत्यात व्हय? मग उतरा की." मीच हौसेनं हो म्हटलं. नियमांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. चूक माझी, कारण दोन्हीकडचं कळणारा तिथं मी एकटाच होतो.

पहिली जोड: माझा मित्र, पंचाहत्तर किलो, निळा पट्टा (जिजित्सूत पांढऱ्याच्या वरचा). समोर वस्तादांचा एक पठ्ठा, वय एकोणीस. हात मिळवले आणि मित्र सरळ खालीच बसला. जिजित्सूत हे चालतं. समोरच्याला पायांत ओढून घ्यायचं आणि खालून खेळायचं. तालमीत हशा पिकला. "आपसूकच बसला की गा!" पठ्ठ्यानं वस्तादांकडं बघितलं. वस्ताद म्हणाले, "बघतोस काय, पाठ लाव." त्यानं छातीनं रेटून दोन्ही खांदे मातीत टेकवले, उठला, शड्डू ठोकला आणि अंगावरची माती झाडत कडेला निघाला. मित्र खालूनच त्याचा घोटा धरून म्हणतोय, "अरे, अजून सुरू कुठं झालं!"

मी मध्ये पडून कायतरी समजावलं आणि पुन्हा लावली. या वेळी मित्र पाठीमागं गेला. पठ्ठा लहानपणापासून शिकलाय तेच करून पालथा पडला, मातीला चिकटून. कुस्तीत तो वाचला असता. इथं मित्राचा हात हनुवटीखाली गेला. आणि थाप मारायची असते हे पोराला कुणी सांगितलंच नव्हतं! मित्र थापेची वाट बघतोय, पोरगं दम धरून बसलंय. घशातून घुर्र असा आवाज आला, हात सैल पडला, तेव्हा वस्ताद ओरडले, "सोड, सोड त्येला!" चार-पाच सेकंद पोराला आपण कुठं आहोत ते कळेना. मग उठून बसला, पाणी प्याला, लाजून हसला. पुढे काही झालं नाही. पण वस्तादांचा तेव्हाचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

दुसऱ्या मित्राला दुसऱ्या पोरानं ढाक मारली, म्हणजे फेकायचा डाव. पडताना यानं मोकळा हात खाली टेकवला आणि कोपर उलटं गेलं. तीन आठवडे हात गळ्यात.

एवढं होऊनही दोन्हीकडच्यांना पुन्हा खेळायचंय. वस्तादांचा फोन आला होता, "पोरं आना पुन्यांदा. पर या टायमाला आधी ठरवून." म्हणून इथं विचारतोय. हार कशाला म्हणायची, पाठ लागली तर की थाप मारली तर? वेळ किती? पंच कोण? आणि गावातल्या काही उत्साही मंडळींना हे यात्रेच्या मैदानात, माइक लावून, इनाम ठेवून करायचंय. मला ते नको वाटतंय, पण "का नको" हे नीट सांगता येत नाहीये. असं काही कुणी घडवून आणलं असेल तर लिहा.

हलगीवाला

बारा वर्सं मातीत काढली, आता गुडघं बोलत्यात म्हणून नुसता बघतो.

यात्रेत अजिबात नको. कारण सांगतो. मैदानात पोरगं एकटं नसतंय, त्येच्या पाठीवर तालमीचं नाव असतंय, वस्तादाचं नाव असतंय, गाव असतंय. तिथं गळा आवळला तर ते थाप मारंल व्हय? मरंल पर मारायचं न्हाई. आन् तुमचा गडी चीत झाला तर हजार माणसं शिट्ट्या मारणार, त्यो म्हणणार मी हारलोच न्हाई. झाली का दोस्ती? तालमीत दार लावून करा, घरच्या लढतीगत. घरच्या लढतीत कोण पडला ह्ये दुसऱ्या दिवशी कुणी इचारत न्हाई.

जोड वस्तादांना लावू द्या. वजनकाटा ठेवा, पर जोड निस्त्या वजनावर ठरत न्हाई. कुणाच्या अंगात किती रग हाय, कुणाचं डोकं लवकर फिरतंय, ह्ये त्यांना म्हायती असतंय.

पालथं पडायचं म्हणाल तर ती सवय एका दिवसात जायची न्हाई. पाठीवर सवारी आली की पोटावर जायाचं, ह्ये अंगातच बसलंय. पोरांना आधी आठ दिवस तेवढंच शिकवा, हनुवटी छातीला लावायची आन् मनगट धरायचं.

कण्हेर

मी शाळा-कॉलेजात ज्युदो खेळले, त्यामुळे मधल्या भिंतीवर बसून बोलते.

आमच्याकडे जोरात, पाठीवर, ताब्यात ठेवून फेकलं की लढत तिथंच संपते. आणि जमिनीवर पाठीवर दाबून वीस सेकंद धरलं तरी संपते. म्हणजे चितपटही आहे आणि थापही आहे. तुमच्या भांडणाचं उत्तर साधारण इथंच सापडेल असं मला वाटतं. पण ज्युदोवाल्यांनी फार फुशारकी मारू नये. २०१० पासून आंतरराष्ट्रीय नियमांत पायांना हात घालण्यावर बंधनं आली आणि २०१३ पासून ते बंदच झालं. मी त्यानंतरच्या पिढीतली. एकदा सरावाला कुस्तीच्या मुलींबरोबर खेळायला गेले. पहिल्या मुलीनं माझा एक पाय धरून एकेरी पट काढला, मी आडवी. उठले. दुसरा पट, पुन्हा आडवी. तिसऱ्यांदा तिनंच दया येऊन विचारलं, "ताई, पाय मागं का घेत नाही तुम्ही?" पाय मागे घ्यायचा असतो हे माझ्या शरीराला माहीतच नव्हतं.

माझा सल्ला: दोन्ही नियमांची खिचडी करू नका. एक लढत मातीत, पूर्ण कुस्तीच्या नियमांनी. दुसरी मॅटवर, पूर्ण जिजित्सूच्या नियमांनी. दोन्हींचा निकाल वेगळा, बेरीज करायची नाही. खिचडी नियमात प्रत्येक जण आपल्याला सोयीचं तेवढं लक्षात ठेवतो.

आणि ठरवायचं ते स्पष्ट ठरवा. १९५१ साली रिओला, माराकाना स्टेडियममध्ये, जपानचा ज्युदोपटू मासाहिको किमुरा आणि ब्राझिलियन जिजित्सूचा एलिओ ग्रेसी लढले, तेव्हा फेक आणि दाब मोजायचे नाहीत, समोरचा हार मानेल तेव्हाच संपेल, असं आधीच ठरलं होतं. किमुरानं ग्रेसीला कितीतरी वेळा फेकलं, निकाल लागेना. शेवटी दंडाला पीळ घातला, हात मोडला, तरी ग्रेसी थाप मारेना. त्याच्या भावानं बाहेरून लढत थांबवली. त्या पेचाला आज तुमच्या क्लासात किमुराच म्हणतात ना? ती लढत किमुरा कुस्तीच्या किंवा ज्युदोच्या नियमांनी केव्हाच जिंकला असता.

जुनी_पाने

पालथं पडण्यावरून आठवलं. १९१० साली लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती झाली. झिबिस्को सुरुवातीलाच खाली गेला आणि पोटावर पडून राहिला, तो अडीच तासांहून जास्त. एवढा मोठा गामा, पण त्याला उलटा करू शकला नाही. बरोबरीत सोडवली. पुढच्या आठवड्यात पुन्हा लढायचं ठरलं तर झिबिस्को आलाच नाही. १९२८ ला पतियाळ्यात पुन्हा गाठ पडली, तेव्हा गामानं मिनिटाच्या आत निकाल लावला.

म्हणून वेळेची मर्यादा ठेवाच. नाहीतर तुमचा एखादा पठ्ठा मातीला चिकटून बसेल आणि रात्रीची जेवणं तालमीतच करावी लागतील.

तडका

सगळे एवढे घाबरट का झालात? जिजित्सू, कुस्ती, किकबॉक्सिंग, सगळे एकत्र उतरवा, ठोसे-लाथा चालू ठेवा. कोणती कला खरी ते एकदाचं कळेल.

कण्हेर

@तडका, ते करून झालंय. २६ जून १९७६, टोकियोचं बुदोकान, मुहम्मद अली विरुद्ध अंतोनियो इनोकी. बॉक्सर आणि पैलवान. पंधरा फेऱ्या इनोकी बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला, अली त्याला "उठ" म्हणत राहिला. बरोबरी. प्रेक्षक पैसे परत मागत होते आणि अलीच्या पायांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या. कोणती कला खरी ते कुणालाच कळलं नाही.

आयोडेक्स

हाडांच्या दवाखान्यात काम करतो, त्यामुळे रंगाचा बेरंग करायला आलोय.

टाच पिळण्याचे पेच पूर्ण बंद. त्यात गुडघ्याचे लिगामेंट आधी जातात आणि दुखणं नंतर कळतं. जिजित्सूवाल्याला निदान कुठल्या दिशेनं फिरायचं ते माहीत असतं, पैलवान जोर लावून उलट्या दिशेनं सुटायला बघणार. मानेला वळवणारे पेचही नकोत.

गळा आवळला की मेंदूकडचं रक्त थांबतं, आठ-दहा सेकंदांत माणूस बेशुद्ध पडतो. तुमच्या पोराचं नशीब चांगलं. पंचाला नजर हवी ती चेहऱ्यावर नाही, हातावर: हात सैल पडला की लढत संपली, थाप असो वा नसो. आणि जो बेशुद्ध झाला किंवा ज्याचं डोकं आपटलं, तो त्या दिवशी पुन्हा उतरणार नाही, कितीही "काय झालं न्हाई" म्हणाला तरी.

कोपराचं: पडताना हात टेकवायचा नाही हे पैलवान पहिल्या वर्षी शिकतात. तुमच्या क्लासवाल्यांना आधी महिनाभर नुसतं पडायला शिकवा. बाकी नखं कापा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या, अंगावर नायटा असेल त्याला प्रेमानं कडेला बसवा. मातीतून मॅटवर जाताना मध्ये अंघोळ.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. हलगीवाले, तुमचं यात्रेबद्दलचं म्हणणं जसंच्या तसं गावातल्या मंडळींना वाचून दाखवलं. त्यांची तोंडं पडली, पण माइक रद्द झालाय.

काल वस्तादांशी तासभर बोललो. कण्हेर यांची दोन वेगळ्या लढतींची कल्पना त्यांना पटली, पण एका अटीवर: आधी माती. "पावणं आपल्या घरी आल्यात, आधी आपलं जेवण." मातीत दहा मिनिटं, पंच ते स्वतः, पाठ लागली की संपलं, गळा आणि सांधा दोन्ही बंद. दुसऱ्या दिवशी गावच्या हायस्कूलच्या हॉलमध्ये मॅट टाकून सहा मिनिटं, पंच आमचे प्रशिक्षक, टाच आणि मान बंद, हात सैल पडला की शिट्टी. सुरुवातीला टाच बंद म्हटल्यावर आमच्या क्लासमधला एक जण रुसला होता. त्याला मातीत वस्तादांच्या सगळ्यात दांडग्या पठ्ठ्याबरोबर जोड लावतो म्हटलं, मग गप्प झाला.

कपड्यांवरून मात्र अडलंय. आमची पोरं लंगोट लावायला लाजतात आणि वस्ताद चड्डी घालून कुणालाही हौद्यात उतरू देत नाहीत. दोघांना मी घरी लंगोट कसायला शिकवतोय, आरशापुढं. ते दृश्य कुणी बघू नये.

आणि थापेचा मुद्दा निघाला. पठ्ठ्यांना शिकवताना मी सांगितलं, असह्य झालं की जोरात थाप मारायची. वस्ताद मध्येच थांबवून म्हणाले, "कुठं मारायची ते सांग आधी. मातीवर नाहीतर समोरच्याच्या अंगावर. मांडीवर म्हणालास तर ह्यांचा शड्डू हुईल, आन् तुझा गडी सोडायच्या ऐवजी आणखी आवळंल."