अलास्कातल्या ओंडक्यांच्या घरासारखं घर आपल्या कोकणात टिकेल का?

आगरातला: मंडळी, रिचर्ड प्रेनेकीचं घर बघितलंय का कुणी? अलास्कात ट्विन लेक्सच्या काठावर या माणसाने पन्नाशी उलटल्यावर १९६८ साली एकट्याने हाताने बांधलं, स्प्रूसचे ओंडके तासून, हत्यारांची नुसती पाती नेली आणि दांडे तिथेच घडवले, दाराच्या बिजागऱ्यासुद्धा लाकडाच्या! जवळपास ३० वर्षं राहिला तिथे, २००३ ला वारला, घर अजून उभंय. मला गुहागरजवळ आमच्या आगरात तशी एक खोली बांधायचीय, घरचे सगळे नको म्हणतायत. टिकेल का?

जांभ्याची भिंत: दादा, हौस कळते, पण आडवे ओंडके एकावर एक बसतात ना, त्या प्रत्येक सांध्यात आपला पाऊस मुरणार. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो. त्यात अलास्कात वाळवीच नाही, आणि आपल्याकडे दाराला ओल लागली की आठवड्यात रांग लागते. आपल्या जुन्या लोकांनी लाकूड जमिनीला टेकूच दिलं नाही, जांभ्याचं जोतं, खांबाखाली दगडी तळखडा, आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील एवढे वासे बाहेर काढलेले.

माहेर दापोली: मला वाटतं त्या घराचं खरं गुपित वाळवण्यात आहे. लाकूड त्याने आदल्या वर्षीच, १९६७ च्या उन्हाळ्यात तोडून सोलून ठेवलं होतं, हिवाळाभर वाळलं तेव्हा पुढच्या वर्षी बांधायला घेतलं. आमचे आजोबा फणस अवसेलाच तोडायचे, भुंगा लागत नाही म्हणायचे, मग पडवीत दोन पावसाळे ठेवायचे आणि वर काजूच्या टरफलाचं काळं तेल. जपून हं, हाताला लागलं तर कातडी सोलवटते. घाई करू नका एवढंच.

आगरातला: ताई, दादा, दोघांनाही थँक्यू. आज गोठ्याचे खांब बघून आलो. तळखड्यावरचे दोन ठणठणीत, पण ज्याच्या बुडाशी आम्ही मागे कोबा चढवला होता त्यात सुरी मुठीपर्यंत गेली, आतून नुसती माती निघाली, फार वाईट वाटलं. आडव्या ओंडक्यांचं काढलं डोक्यातून, जोतं आणि खांबच करतो. पण लाकडी बिजागरीचं दार करणारच, फणसाच्या फळ्या आहेत माळ्यावर वाळलेल्या. बिजागरीची खुंटी कुठल्या लाकडाची घ्यावी?