यंत्रमागाच्या शेडमधील चालू ट्यूब काढून एलईडी लावाव्यात का?

धागाकर्ता, वडगाव (बेळगाव):
वडगाव-शहापूर भागातील मागांच्या शेडमध्ये आजही चोक-स्टार्टरच्या ट्यूब दिसतात. एकेक बंद पडण्याची वाट न पाहता त्या एकदमच बदलाव्यात, असे माझे मत आहे. ३६ वॅटची ट्यूब चोकसकट सुमारे ४६ वॅट घेते, तर तेवढ्याच लांबीच्या एलईडीचे २० वॅटमध्ये भागते; दिवसाला १२ तास आणि वर्षाला ३०० दिवस माग चालला, तर एका ट्यूबमागे ९० हून अधिक युनिट वाचतात. शिवाय चोकच्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असल्याने फिरते चाक कधी थांबल्यासारखे भासते आणि मागाशेजारी असा भास हातावर बेतू शकतो.

मागवाले, खासबाग:
आपला हिशेब अर्धाच आहे. ट्यूब पेटेनाशी झाली तर आम्ही स्टार्टर बदलतो, फार तर चोक, आणि काम पुढे चालू राहते. एलईडीचा ड्रायव्हर (आतल्या दिव्यांना योग्य वीज पुरवणारा भाग) मात्र व्होल्टेजच्या चढउतारात गेला, की आतले दिवे शाबूत असूनही अख्खी नळी भंगारात जाते. लुकलुकण्याचे म्हणाल, तर स्वस्तातल्या एलईडीसमोर मोबाईलचा कॅमेरा धरून पाहा, काळे पट्टे सरकताना दिसतील. त्याहून मोठी अडचण रंगाची आहे. निळसर उजेडात मोतिया आणि पांढऱ्या सुताचे कोन (सूत गुंडाळलेले शंकू) सारखेच दिसतात, ताण्यात म्हणजे उभ्या धाग्यांत मिसळतात, आणि साडी उन्हात उलगडल्यावरच तो पट्टा डोळ्यांत भरतो.

वायरमन, खानापूर:
या वादात वायरिंग राहूनच गेले. बऱ्याच एलईडी नळ्यांना फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाला द्यावे लागतात आणि त्यासाठी ट्यूब बसवायच्या पट्टीतला चोक व स्टार्टर काढावा लागतो. पुढे कोणी अडगळीतली जुनी ट्यूब त्याच पट्टीत बसवली, तर २३० व्होल्ट थेट तिच्या फिलामेंटवर येतात आणि काच फुटण्याचीही भीती असते. पट्टीवर ठळक अक्षरांत तसे लिहून ठेवल्याशिवाय मी असले काम करत नाही.

वाचक, निपाणी:
शेडचे ठीक आहे, पण कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेमुळे घरचे बिल शून्य येत असताना तिथे पदरमोड कशाला करायची?

धागाकर्ता, वडगाव:
गृहज्योतीत आपल्या जुन्या सरासरीवर थोडाच जादा वापर माफ आहे आणि २०० युनिट ओलांडले की सगळेच बिल भरावे लागते, तेव्हा घरातही बचत फुकट जात नाही. खासबागच्या मित्रांचा रंगाचा मुद्दा मात्र बिनतोड आहे; त्यावर उपाय म्हणजे ४००० केल्विनची (ना फार निळसर, ना फार पिवळसर उजेडाची), रंग खरे दाखवणारी नळी घेणे, मग ती थोडी महाग पडली तरी चालेल. राहिला चोकचा भरवसा. ट्यूबमध्ये पारा असल्याने, पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारातील देशांनी २०२३ मध्ये सरळ ट्यूबचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवण्याचे ठरवले असून भारतही त्या करारात आहे. चोक मिळेल हो, पण ट्यूब कुठून आणणार?

मागवाले, खासबाग:
तर मग ताणा जोडण्याच्या जागी तशी नळी लावून पाहतो. मागांवरच्या ट्यूब मात्र चालू आहेत तोवर उतरवणार नाही.