मदत हवी आहे: नवीन पिकअप घ्यायची आहे, २.५ लिटरचं जुन्या वळणाचं इंजिन की १.५ लिटरचं नवं?

नमस्कार मंडळी. एरवी नुसता वाचनमात्र असतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

घर सासवडजवळ, धंदा शेतमाल वाहतुकीचा. हंगामाप्रमाणे वाटाणा, सीताफळ, अंजीर. संध्याकाळी बांधाबांधावर थांबत माल गोळा करायचा आणि रात्री दिवे घाट उतरून गुलटेकडीला मार्केट यार्डात टाकायचा. आठवड्यातून एखादी खेप वाशीला. येताना रिकामं येणं परवडत नाही, म्हणून पेंड, खत, कधी सिमेंट. थोडक्यात, माझा खरा लोड घाट चढताना असतो, उतरताना नाही. डेमोला नेणाऱ्या सेल्समनला हे समजावताना माझ्या नाकी नऊ आले. तो आपला सपाट रस्त्यावर रिकामी गाडी पळवून दाखवतोय.

जुन्या पिकअपने साडेचार लाख किलोमीटर काढले. तिची वाट मीच लावली. गेल्या मे महिन्यात २८ पोती पेंड घेऊन घाट चढताना टेम्परेचरचा काटा वर सरकत होता. खाली मस्तानी तलाव दिसतो त्या वळणावरच थांबायला हवं होतं. म्हटलं, आता दोनच वळणं राहिली. वर पोचेपर्यंत मागे पांढरा धूर. ऑइलचं झाकण उघडलं तर आतून दुधाच्या सायीसारखा थर. हेड गॅस्केट गेलं होतं, हेडही वाकलं होतं. रेडिएटर खोलल्यावर त्याच्या जाळीत मूठभर चिखल आणि कांद्याची साल निघाली. आता बोअर-पिस्टनपर्यंत काम आलंय, म्हणून नवीन घ्यायचं ठरवलं.

बघितलेल्या गाड्या अशा. बोलेरो पिकअप: २५२३ सीसी, ७५ एचपीच्या आसपास, टॉर्क (म्हणजे ओढ) २०० एनएम. योद्धा: २.२ लिटर, १०० एचपी, २५० एनएम. इंट्रा व्ही ५०: १४९६ सीसी, ८० एचपी, २२० एनएम, पासिंग (कागदोपत्री परवानगीचा माल) दीड टन. बडा दोस्त: १४७८ सीसी, तीन सिलिंडर, ८० एचपी, १९० एनएम.

आता माझा घोळ. कागदावर १.५ लिटरचं इंजिन २.५ लिटरच्या पुढे दिसतंय. आप्पा म्हणतात, छोट्या बैलाला मोठा नांगर जुंपलाय, तीन वर्षांत बसेल. धाकटा भाऊ म्हणतो, तुम्ही अजून २००५ मध्येच आहात. मी लिटरमागे टॉर्क काढून बघितला: २.५ लिटरमध्ये साधारण ८०, योद्धात ११५, बडा दोस्तमध्ये १२९ आणि व्ही ५० मध्ये १४७ एनएम. एवढी ओढ काढल्यावर इंजिन लवकर झिजतं का? दुसरं म्हणजे बीएस६ गाडीचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) माझ्या थांबत-थांबत चालण्याला झेपेल का? सीएनजी कृपया सुचवू नका, रांगेत अंजीर पिकतात.

प्रतिसाद १
तुमचा हिशेब बरोबर आहे, पण अर्धा. छोट्या इंजिनात टर्बो जास्त हवा कोंबतो, सिलिंडरमधला दाब वाढतो. त्यासाठी पिस्टन, बेअरिंग, हेड त्या ताकदीचे केलेले असतात, त्यामुळे लिटरमागचा आकडा मोठा म्हणून इंजिन नाजूक असं नाही. फक्त त्याला चूक कमी खपते. तुम्ही काटा बघून जे केलंत ते जुन्या इंजिनाने पोटात घातलं असेल चार वेळा, नवं घालणार नाही.

आणि टॉर्क किती यापेक्षा इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना (आरपीएम) मिळतो ते बघा. योद्धाचे २५० एनएम १००० आरपीएमपासून मिळतात, बोलेरोचे २०० साधारण १४०० पासून, व्ही ५० चे २२० हे १७५० पासून. दिवे घाटात पुढे एसटी आडवी आली, गाडी मंदावली, की १७५० च्या खाली गेलेलं इंजिन दम टाकतं. मग लोक हाफ क्लचवर ओढतात आणि क्लच प्लेट जाळून इंजिनाला शिव्या घालतात. शिवाय चाकापर्यंत काय पोचतं ते गिअर आणि डिफरेन्शियलच्या रेशोवर. तो ब्रोशरमध्ये असतो, कोणी वाचत नाही.

प्रतिसाद २
डीपीएफबद्दल अनुभवाने सांगतो, माझं पिंपरीत पार्सलचं काम आहे. त्यात काजळी साठते, ठराविक भरली की गाडी स्वतः जास्तीचं डिझेल सोडून ती जाळते. त्याला सलग १५-२० मिनिटं बऱ्या वेगाने गाडी चालावी लागते. मी दर दोन किलोमीटरवर बंद करायचो. एक दिवस डिपस्टिक काढली तर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं! हाताला डिझेलचा वास. जाळणं अर्धवट राहिलं की ते डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ झालं की बेअरिंग संपलं. बीएस६ चं इंजिन गेलं असं कोणी म्हटलं की मी आधी हे विचारतो. तुमची वाशीची खेप आहे ना, तीच तुमच्या डीपीएफचं औषध. ऑइल मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच, सुटं नको.

प्रतिसाद ३
उतरतानाचंही बघा. मालाने भरलेली गाडी न्यूट्रलवर सोडणारे ड्रायव्हर ठेवू नका. मोठ्या इंजिनाचा इंजिन ब्रेक दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जास्त धरतो, ब्रेकचे लायनर वाचतात. घाट चढून थांबल्यावर मिनिटभर आयडलिंग, मगच चावी बंद. टर्बोचं आयुष्य तिथेच ठरतं.

मूळ धागाकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. न्यूट्रलवर उतरवणारा ड्रायव्हर म्हणजे मीच, असो.

फेऱ्यांचं ऐकून डोक्यात प्रकाश पडला. आप्पांना वाचून दाखवलं. ते फक्त "बघ" म्हणाले. दोन शोरूमना फोन केला की डेमो द्यायचा तर २५ पोती पेंड टाकून घाट चढू द्या, खर्च माझा. एकाने फोनच ठेवला. दुसरा रविवारी सकाळी सहाला घाटाच्या पायथ्याशी वडकीला यायला तयार झालाय. मुद्दाम मधल्या वळणावर गाडी उभी करून पुन्हा उचलून बघणार आहे.

तोपर्यंत एकच विचारतो: १.५ लिटरवाली गाडी कोणाकडे लोडवर दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेली आहे का? दोन सर्व्हिसच्या मध्ये ऑइल टॉप-अप करावं लागतं का, तेवढंच सांगा.