एकाच माळात जांभा, मुरूम आणि काळी माती: गवताचं नियोजन कसं करावं?

माळाची_वैरण (प्रश्न)

पन्हाळा तालुक्यात उताराची साडेपाच एकर पड जमीन वैरणीसाठी राखायची आहे. माथ्याला तांबडी, बारीक गोट्यांची माती. वीतभर खाली पहार वाजते. मधल्या उतारावर राखाडी-पिवळा मुरूम आणि त्यावर जेमतेम वीतभर माती. तळाला ओढ्यालगत काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओढ्याच्या काठाला मात्र सगळीकडे एकच काळा पाषाण उघडा दिसतो. मग माती तीन तऱ्हेची कशी?

तिन्ही ठिकाणची माती एकत्र करून तपासली. सामू (पीएच) ६.७, सेंद्रिय कर्ब १.१ टक्के, स्फुरद (फॉस्फरस) कमी, पालाश (पोटॅश) मध्यम. यावरून खत ठरवावं का? माथा जेसीबीने खरवडून सपाट करा आणि वर तळ्याचा गाळ पसरा, असाही सल्ला मिळाला आहे. एकच गवत सगळीकडे चालेल का?

कातळवाट

आधी जेसीबी थांबवा. तुमच्या माथ्यावरच्या तांबड्या मातीखाली जांभा दगड आहे. तो जमिनीखाली ओलसर असतो तोवर मऊ असतो, म्हणून तर चिरे खाणीत सहज कापता येतात. उघडा पडून उन्हात वाळला की तो कायमचा कडक होतो, पुन्हा भिजवून मऊ होत नाही. वरची वीतभर माती काढलीत तर खाली फरशी उरेल, आणि गाळ पहिल्याच मोठ्या पावसात ओढ्यात जाईल.

तुमचा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात चुना, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर, पण मूळ दगडात गारगोटीची वाळू जवळजवळ नाही. त्यामुळे तो पूर्ण कुजला की वाळू उरत नाही, चिकणमाती आणि लोहाची संयुगं उरतात. कोणती चिकणमाती, हे पाणी ठरवतं. माथ्यावर दीर्घकाळ पाऊस पडून निचरा होत राहिला, चुना-मॅग्नेशियम-पालाश धुऊन गेले, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहिले. तो जांभा. पन्हाळा आणि मसाई पठाराची टोपी याचीच. वरून धुतलेले क्षार तळाला येऊन साठले, निचरा मंद, तिथे फुगणारी-आकसणारी चिकणमाती तयार झाली. ती तुमची काळी. मधल्या उतारावर धूप इतकी की माती मुरायच्या आत वाहून जाते, म्हणून तिथे कायम अर्धवट कुजलेला मुरूमच दिसतो. हाच क्रम जिल्ह्याच्या नकाशावरही आहे: गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तांबडी माती, शिरोळकडे पाऊस त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा आणि काळी.

म्हणून एकत्र नमुन्याचा अहवाल बाजूला ठेवा. ६.७ हा सामू बहुधा ना तुमच्या जांभ्याचा, ना काळीचा. जांभ्यावर तो साधारण ५ ते ६ आणि काळीत ७.५ ते ८.५ असतो, तुम्हाला मधलाच आकडा मिळाला. तीन पट्ट्यांचे तीन नमुने घ्या. प्रत्येक पट्ट्यात ८-१० ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा १५ सेंटिमीटर खड्डा, त्याच्या एका बाजूचा बोटभर जाडीचा काप घ्यायचा. सगळं प्लास्टिकच्या बादलीत मिसळून चार भाग करत अर्ध्या किलोवर आणा. लोह-जस्त तपासायचं असेल तर लोखंडी घमेलं वापरू नका. झाडाखाली जिथे जनावरं बसतात तिथली माती टाळा, एक शेणाचा पो सगळा नमुना बिघडवतो.

प्रयोगशाळेला दोन गोष्टी नक्की विचारा. जांभ्याच्या आम्ल मातीतला स्फुरद ब्रे पद्धतीने आणि काळीतला ऑल्सन पद्धतीने काढायचा असतो. दोन्हीला एकच पद्धत लावली तर आकड्यांवर विसंबता येत नाही. दुसरं, तपासणी २ मिलिमीटरच्या चाळणीखालच्या मातीचीच होते. तुमच्या मुरमात वजनाने निम्मे खडे असतील तर अहवालातलं अन्नद्रव्य एकराला निम्मंच धरा. खडे किती हे घरी काढता येतं: वाळलेली ५ किलो माती चाळून दोन्ही भाग तोला.

कुरण_राखण

वरच्याला जोडून. गवताच्या निवडीला रंगापेक्षा खोली महत्त्वाची. मुरमाच्या २० सेंटिमीटर मातीत निम्मे खडे असतील तर गवताला उपयोगी पडेल असं पाणी साधारण १५ मिलिमीटर मावतं. परतीचा पाऊस थांबला की दिवसाला ४ मिलिमीटर खर्च धरला तरी चार दिवसांत संपलं. काळीत ६० सेंटिमीटर खोलीत ९० ते १०० मिलिमीटर मावतं, म्हणजे तीन आठवडे हिरवं राहतं. शेजारशेजारच्या पट्ट्यांत एवढा फरक असताना एकच गवत कसं चालेल?

पण मुरूम सगळा सारखा नसतो. पहार मारून बघा. दगड कांद्याच्या पाकळ्यांसारखा सुटत असेल तर मुळं फटींतून खाली जातात आणि तिथला ओलावा मिळतो. पहार खणखणत उसळली तर अखंड कातळ आहे, तिथे फक्त वरच्या मातीचा हिशेब धरा.

मुरमावर पवना गवत आणि सोबत स्टायलो हे शेंगवर्गीय चारापीक. स्टायलो कमी स्फुरद आणि आम्लता दोन्ही सोसतो, वर नत्रही देतो. त्याचं बी कठीण असतं, ८० अंशांच्या पाण्यात ४ मिनिटं बुडवून लगेच गार पाण्यात टाका. पवन्याचं बी एकरी सुमारे २ किलो, शेण-मातीत मळून, मृगाच्या तोंडावर अर्ध्या मीटरवर ओरखडे काढून टाकायचं. सेंटिमीटरभरापेक्षा खोल गेलं तर उगवत नाही. नांगरू नका, वरची माती सुटली की संपलं. त्याऐवजी ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल समपातळी चर, म्हणजे उताराला आडवे, काढा. आपल्याकडच्या पावसात जादा पाण्याला सांडवा हवाच, नाहीतर वरचा चर फुटून खालचे सगळे फोडतो.

काळीत मारवेल गवत, तेही ठोंबं लावून, ५० बाय ३० सेंटिमीटरवर. तिथे चर नकोत, पाणी साचून मुळं कुजतात. नुसत्या काळ्या मातीचे बांधही उन्हाळ्यात भेगाळतात आणि वळवाच्या पाण्याने त्याच भेगांतून फुटतात. घालायचेच असतील तर मुरूम मिसळून ठोकून घ्या.

जांभ्याचा माथा तसाच सोडा. पावसाळ्यात तिथे उथळ पाणी साचतं आणि बारीक रानफुलांच्या वेगळ्याच जाती उगवतात. चाऱ्याला फार उपयोग नाही, पण त्या पातळ मातीला धरून ठेवणारं दुसरं काही नाही.

माळाची_वैरण

आभारी आहे. जांभ्याच्या कडेच्या पट्ट्यात चुना आणि सुपर फॉस्फेट टाकून काही होईल का? आणि जनावरं कधी सोडावीत?

कातळवाट

गवतासाठी चुना नको, सामू ५ च्या खाली गेला तरच विचार करा. स्फुरद मात्र नुसता वरून पसरू नका, जांभ्यातलं लोह-अॅल्युमिनियम तो धरून ठेवतं. सुपर फॉस्फेट कुजलेल्या शेणखतात मिसळून ओरखड्यात, बियाच्या जवळ द्या. आम्ल मातीत रॉक फॉस्फेटही हळूहळू विरघळतो आणि स्वस्त पडतो. काळीत तो पडून राहतो, तिथे वापरू नका.

कुरण_राखण

मुरमावर पहिलं वर्ष चराई बंद, फक्त कापणी. कुसळी हे टोकदार कुसळांचं रानगवत आपोआप येईल, तिची कुसळं तयार व्हायच्या आत, सप्टेंबरअखेर कापा. उशीर झाला तर ती जनावरांच्या तोंडात आणि मेंढ्यांच्या लोकरीत रुततात. काळीत जुलै-ऑगस्टमध्ये जनावर अजिबात नको. ओल्या काळीत खूर रुतला की पोकळ्या बुजतात, हवा कोंडते, मारवेल पिवळी पडते. सप्टेंबरपासून टाच रोवून बघा: खळग्यात पाणी जमलं किंवा टाच दोन बोटांपेक्षा खोल गेली तर आणखी चार दिवस थांबा.