मदत हवी आहे: कस्टर्ड क्रीम बिस्कीट सोलापुरात कुठं मिळंल?

भाचीचा वाढदिवस रविवारी, तिला केक नको, क्रीमच्या बिस्किटांचा ढीग पायजे म्हणे. त्यात आमच्या दाजींनी तिला सांगून ठेवलंय की ओरिओ १९१२ चं पण हायड्रॉक्स त्याच्याही आधी १९०८ ला आलं, आता पोरगी हायड्रॉक्ससाठी अडून बसलीय, अमेरिकेतनं आणू का काय मी? बोरबॉन, ऑरेंज, इलायची, पायनॅपल सगळं घेऊन झालं, कस्टर्ड क्रीम तेवढं नवी पेठ पालथी घालून पण मिळंना. कुणाला दुकान माहितीय का?

नायतर घरी करतो, पण काल लोणी आणि पिठीसाखर फेटून भरलं तर आपल्या ह्या उन्हात वरचं बिस्कीट घसरत घसरत ताटलीत, खाली पिवळं तळं. लोण्याऐवजी डालडा घातला तर टिकंल का?