झऱ्यातला सॅलमँडर वाचवायचा म्हणजे नेमकं काय वाचवायचं?

पन्हाळा_रोड
नमस्कार मंडळी. एमएस्सी पर्यावरणशास्त्राला आहे, इथं कोल्हापुरातच. सेमिनारला टेक्सासच्या ऑस्टिन शहरातला बार्टन स्प्रिंग्ज सॅलमँडर घेतलाय. बेडकाच्या नात्यातला, शेपटीवाला, बोटाएवढा प्राणी, आयुष्यभर पाण्यातच, डोक्यामागं लाल कल्ल्यांचे झुपके मोठा झाला तरी तसेच, आणि त्याचं सगळं जग म्हणजे एडवर्ड्स नावाच्या भूजलसाठ्यातनं वर येणारे मोजके झरे. 1997 पासून तिथल्या कायद्यानं तो संकटग्रस्त. आता सरांचा प्रश्न असा की झऱ्याला कुंपण घातलं आणि टाक्यांत पैदास केली की झालं की, अजून काय पायजे? मला हे पटत नाही पण नीट मांडताही येईना. आणि सह्याद्रीत सॅलमँडर नाहीच, मग आपल्या पोरांनी हे का ऐकायचं? कोण सांगेल काय?

उजळाईवाडी_ते_ऑस्टिन
भावा, मी सध्या इथंच असतो. शहराच्या मधोमध पोहायचा मोठा तलाव आहे, झऱ्याच्याच पाण्याचा, बारा महिने 20-21 अंश. माणसं वर पोहतात आणि खाली दगडगोट्यात हा राहतो. दर गुरुवारी तलाव साफसफाईला बंद. पण मेन गोष्ट वर डोंगराकडं आहे बघ. तिथं सगळी चुनखडी, भेगाच भेगा, ओढ्याचं पाणी पात्रातल्या पात्रात गडप होतं आणि मातीतनं गाळून निघायला वेळच मिळत नाही, पाण्यात रंग सोडून बघितलंय, कित्येक मैलांवरचं पाणी काही दिवसांत झऱ्याला येतं. म्हणजे वर कुणाच्या पार्किंगवर जे सांडलं ते इथं याच्या कल्ल्यात. म्हणून तर पार्किंगवर मारायच्या कोळशाच्या डांबराच्या लेपावर शहरानं 2005 ला बंदीचा निर्णय घेतला, 1998 ला लोकांनी मतदान करून कर्जरोख्यांना मंजुरी दिली आणि त्या पैशातनं पाणी मुरायच्या भागातल्या जमिनी घेतल्या. दुष्काळात बोअरच्या उपशावर पण कपात असते, कारण झऱ्याचा जोर कमी झाला की पाण्यातला ऑक्सिजन पण कमी होतो.
सरांना एवढंच विचार, त्याच झऱ्यांत ऑस्टिनचा आंधळा सॅलमँडर पण आहे, डोळे पुरते तयारच होत नाहीत, तो बहुतेक जमिनीखालीच असतो. त्याला कुंपण कुठं घालणार?

आजरेकर
सॅलमँडर नसंल, पण असा झरा आपल्याकडं नाही कसं, हिरण्यकेशी नदी बघा की. आंबोलीत देवळाजवळ उगम, तिथनं नदी आमच्या आजऱ्यावरनं गडहिंग्लजकडं. त्या उगमाच्या कुंडात शिस्टुरा हिरण्यकेशी हा मासा सापडला, 2020 ला नवी जात म्हणून जाहीर झाला आणि 2021 ला ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. लई चांगलं झालं, पण क्षेत्र दोन हेक्टरच्या थोडं वर, आणि कुंडात येणारं पाणी पडतं ते वरच्या अख्ख्या डोंगरावर. हॉटेलं, प्लॉटिंग, रस्ते तिकडंच वाढायला लागलेत. कुंडाला हात न लावता कुंड संपवता येतं, माझी खरी काळजी ती आहे.

सडा_आणि_जांभा
आजरेकर, एकदम बरोबर. पन्हाळ्यापासून राधानगरी, शाहूवाडीपर्यंत आपले सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची सपाट पठारं, जांभ्याचे, दगडालाच भोकं, पाऊस आत मुरतो, खाली चिकट मातीचा थर लागला की पुढं जाता येत नाही मग डोंगराच्या कडेला झरा फुटतो. वाडीवस्त्यांचं उन्हाळ्यातलं पाणी तेच. आता बॉक्साईटसाठी वरचा जांभाच काढून नेला तर मुरायचं कशात? आणि सॅलमँडर नसला म्हणून काय झालं, त्याच्या नात्यातलं देवगांडूळ आहे की आपल्याकडं. बिनपायाचं, अंगावर वळ्याच वळ्या, साप समजून लोक फावड्यानं तोडतात. त्यातल्या काही जाती ओढ्याकाठच्या ओल्या मातीत अंडी घालतात, आई अंड्यांना वेटोळं घालून बसते, पिल्लं बाहेर पडली की पाण्यात जातात. ओल लवकर आटली की ती पिल्लं संपली.
सेमिनार झाल्यावर एखादा झरा धर. बादली लाव, मोबाईलवर सेकंद मोज, दिवाळीपासून जूनपर्यंत दर महिन्याला लिहून ठेव आणि वर सड्यावर काय चाललंय त्याचे फोटो पण काढ. ग्रामसभेत मांडायला आकडे पाहिजेत ओ, नुसतं पाणी कमी झालंय म्हटलं की कोण ऐकत नाही.

पन्हाळा_रोड
लई आभार सगळ्यांचे. आंधळ्या सॅलमँडरचा मुद्दा पहिल्याच स्लाईडला घेतो. मसाई पठाराच्या बाजूला बारमाही झरा कुणाला माहीत आहे का? गावातल्या लोकांना विचारूनच मोजायला जाईन.